खेळाडू आत असताना बस मागे घेऊ नये

लुसाकार, आर्मेनिया
मंगळवार, १४ मे २०१९, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे
(या क्षणी मी बुटांचे स्टड पिळून घट्ट करत होतो. डाव्या बुटाचे झाले, उजव्याचे पत्र संपल्यावर करीन.)

आदरणीय गेर्मानमामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, झोयामामीला त्याहून जरा जास्त वाकून (पार्सल तिने पाठवलं होतं, तुम्ही फक्त दोरी बांधली होती, गाठीवरून ओळखलं), आणि आपल्या बसला बॉनेटवर हात ठेवून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा बांधता ना? मामीने लिहिलं होतं की तुम्ही तो पट्टा काढून बसच्या बॅटरीला गुंडाळता, कारण बॅटरीला थंडी जास्त लागते. मामा, बॅटरी नवी मिळते. व्होल्गेचं पाणी उतरलं का? मैदान वाळलं का, की अजून डाव्या कोपऱ्यात बदकं आहेत? मी खुशाल आहे, जेवण भरपूर आहे, आणि इथल्या उन्हाने माझं नाक दोनदा सोलून निघालं.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही फक्त "हं" म्हणता, आणि तुमच्या "हं"चा अर्थ तुमच्या भुवया बघितल्याशिवाय लागत नाही. शिवाय मामी फोन स्पीकरवर लावते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ल्युद्मिलाकाकू मध्येच सल्ला देतात. म्हणून पत्र. इथला खनिज पाण्याचा एक ट्रक थेट तुमच्या बाजूला, नीझ्नी शहराला, चालला आहे, त्याच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. शाळा मी अर्धवट सोडली असली तरी चुका मी त्या शाळेतच सोडून आलो.

मामा, गोष्ट अशी आहे की इथे एका माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्या माणसाचं माझ्याबद्दल मत चांगलं होणं मला फार, फार गरजेचं आहे. तो तुमच्याच धंद्यातला आहे, म्हणून हे तुम्हालाच लिहितो. सेरोबकाका हे आमच्या 'लेर्नाकान' क्लबच्या बसचे ड्रायव्हर. माणूस रुंद, मिशा त्याहून रुंद. (त्यांना नाझेली नावाची मुलगी आहे. ती चौकातल्या औषधाच्या दुकानात काम करते. तिचा या पत्राशी काहीही संबंध नाही.)

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. माझी आतापर्यंतची कारकीर्द तुम्ही बसच्या आरशातून पाहिलीच आहे. आपल्या झातोन्स्कच्या 'याकोर' क्लबात मी ड्रायव्हरचा भाचा म्हणून शिरलो, इंजिनच्या गरम झाकणावर बसून लहानाचा मोठा झालो, आणि फुटबॉल शिकण्याआधी बसचे नियम शिकलो. बसमध्ये शिट्टी वाजवायची नाही. दारात उभं राहून आतल्याने बाहेरच्याशी हात मिळवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, खेळाडू आत बसलेले असताना बस मागे घ्यायची नाही, एक वीतसुद्धा नाही, नाहीतर सामना गेलाच म्हणून समजा. तुम्हाला आठवतं का, जंगलातल्या रस्त्यावर लाकडांचा ट्रक आडवा पडला होता तो दिवस? दुसरा कोणी असता तर चार पावलं मागे घेऊन फाट्यावरून गेला असता. तुम्ही सगळ्या संघाला खाली उतरवलंत, पण गोलकीपर झोपला होता, तो उठेना, आणि झोपलेला खेळाडू हा खेळाडू धरायचा की सामान, यावर मॅनेजरांशी तुमचा तासभर वाद झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा पंच घरी गेले होते आणि कागदावर आपण ०-३ हरलो होतो. पण बस मागे घेतली असती तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही, असं परतताना अध्यक्षसुद्धा म्हणाले.

पुढे मी डावा बचावपटू झालो, मग मला उत्तरेच्या एका क्लबला उसना दिला. (फुटबॉलमध्ये माणूस उसना देतात, वाटीभर साखरेसारखा. फरक इतकाच की साखर परत येते तेव्हा लोकांना आनंद होतो.) त्या उत्तरेच्या क्लबात एका सकाळी सरावाला गेलो, तर कोणीतरी गोलपोस्टची जाळी काढून नेली होती. दुसऱ्या दिवशी गोलपोस्ट नव्हते. तिसऱ्या दिवशी क्लब नव्हता. परत आलो तर याकोरमध्ये माझ्या जागेवर अध्यक्षांचा भाचा. भाचा असण्याबद्दल मी काही बोलू शकत नाही, पण ड्रायव्हरचा भाचा निदान धावतो. मग तो एजंट आला. त्याने आधी पोर्तुगाल सांगितलं, नंतर सायप्रस, आणि विमानतळावर हातात तिकीट दिलं ते येरेवानचं. निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. तिकडे तुला बसचं दार कोण उघडून देतं ते बघू." मामा, ते वाक्य मी बरेच दिवस मनात घेऊन फिरलो. म्हणूनच कदाचित पहिल्याच सामन्याला जे झालं ते झालं.

लुसाकारचं मैदान दरीच्या तळाशी आहे. तिथे उतरणारी गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या बायका बाल्कनीतून हात लांब करून एकमेकींना मीठ देतात. गल्ली थेट मैदानाच्या फाटकाशी संपते आणि तिथे बस सोडाच, शेळीला वळायचं तरी विचार करावा लागतो. म्हणून सेरोबकाका वरच्या चौकात बस वळवतात आणि सगळी गल्ली मागे मागे उतरत जातात. हा इथला सोहळा आहे. सामन्याच्या दिवशी लोक खुर्च्या घेऊन दारात बसतात, सामन्याला येतील न येतील, पण बसला येतात. काकांच्या समोर कॉफीचा छोटा पेला ठेवलेला असतो, काठोकाठ भरलेला. बस फाटकाला टेकली की ते तो उचलतात, लोकांना दाखवतात, थेंबही सांडलेला नसतो, मग पितात. टाळ्या पडतात. संघाला त्या दिवशी मिळणाऱ्या टाळ्या बहुधा तेवढ्याच असायच्या, कारण मी आलो तेव्हा लेर्नाकान गुणतक्त्याच्या तळाला होतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौकात बस वळली, थांबली, आणि बसच्या पोटातून तो आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. मामा, तो आवाज तुम्ही जाणता. मी उठून ओरडलो, "थांबवा! आत खेळाडू आहेत!" सेरोबकाकांनी आरशात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "खेळाडू? मागच्या सात मॅच मी शोधतोय, मला एक दिसला नाही." सगळी बस हसली. तेवढ्यात बस हलली. मी मधलं दार ढकललं आणि उडी मारली. मी सुटलो, पण माझं जॅकेट दारात अडकलं आणि बसबरोबर गेलं.

यापुढचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बस मागे जाते आहे, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे. मी बनियनवर, तिच्या मागे म्हणावं तर मागे, पुढे म्हणावं तर पुढे, चालतो आहे. सेरोबकाकांचा एक डोळा आरशात आणि एक माझ्यावर. अख्ख्या गल्लीभर आम्ही एकमेकांकडे बघत उतरलो. दारातून माझं जॅकेट मला हात केल्यासारखं फडफडत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा काकांची कॉफी सांडली. (थोडीच. पण बशीत दिसली. लोकांनी पाहिली.)

गल्लीच्या मध्यावर पेप्रोनेआजी बसतात. त्यांनी माझा दंड पकडला. "काय रे, बसमधून हाकललं तुला?"

"नाही आजी, मीच उतरलो."

"हाकललेले सगळे असंच सांगतात. चल आत, खाऊन जा. हडकुळा आहेस म्हणून हाकललं असणार."

मी म्हटलं, आजी, अर्ध्या तासात सामना आहे. त्या म्हणाल्या, सामना काही पळून जात नाही, आणि गेला तरी तुमच्यातलं कोण त्याला पकडणार आहे? द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला खिमा, वर लसणाचं दही. मी किती खाल्लं ते लिहीत नाही, मामी काळजी करेल. धावत मैदानावर पोहोचलो तेव्हा प्रशिक्षक गुर्गेन सर तोंडात कागद चावत होते. मला खेळवायचं की मारायचं यातलं त्यांनी पहिलं निवडलं, कारण दुसरा डावा बचावपटू नव्हता. आणि मामा, आम्ही जिंकलो. १-०. जड पोटाने मी पुढे पळूच शकलो नाही, मागेच राहिलो, आणि बचावपटूने नेमकं तेच करायचं असतं.

गुर्गेन सर शिकलेले आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "अंधश्रद्धा माझ्या संघात चालणार नाही, आपण शास्त्राने खेळतो." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी चौकात उतर. त्याच म्हातारीकडे जा. तेवढंच खा, कमी नाही, जास्त नाही. जॅकेट आणू नकोस." पुढचा घरचा सामनाही जिंकलो. तिसऱ्याला गोलकीपर आर्ताक माझ्याबरोबर उतरला. त्याने सांगितलं पाय मोकळे करायचे आहेत, पण आजीच्या दारात माझ्याआधी तोच पोहोचला. मग दोघे, मग चौघे, आणि एप्रिलपर्यंत सगळा संघ चौकात उतरायला लागला. पेप्रोनेआजींनी मोठं पातेलं शेजारणीकडून आणलं. गल्लीतल्या खुर्च्या आता आमच्याकडे तोंड करून मांडल्या जायच्या. आम्ही तळ सोडून वर, पार मधे येऊन पोहोचलो. मला लोक रस्त्यात ओळखायला लागले. एका न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. मामा, मी झातोन्स्कच्या त्या इंजिनाच्या झाकणावर बसून ज्या आयुष्याची स्वप्नं बघायचो ते असंच काहीतरी होतं, फक्त त्यात न्हावी नव्हता.

आणि या सगळ्यात, सेरोबकाका रिकामी बस घेऊन गल्लीतून मागे मागे उतरत होते. एकटे. पेला समोर, काठोकाठ. फाटकाशी तो उचलून दाखवायचे, आणि दाखवायला समोर कोणी नसायचं, कारण सगळे आजीच्या दारात आमच्या पाठी थोपटत असायचे. हे मी पाहिलं नाही. मी जेवत होतो. हे मला नंतर कळलं. (कोणाकडून कळलं ते पुढे येईल. तिचा पत्राशी संबंध नाही हे लिहिलंच आहे.)

एकदा चौकात त्यांनी मला गाठलं. बसचं दार उघडून पायरीवर बसले होते.

"तुमच्या देशात गाड्यांना रिव्हर्स गिअर बसवत नाहीत का रे?"

"बसवतात, काका. पण खेळाडू उतरल्यावर वापरतात."

"म्हणजे माझ्या हाताने संघाला अपशकुन होतो."

"तुमच्या हाताने नाही, काका. गाडीच्या दिशेने."

"दिशा कोण देतं? चाक कोणाच्या हातात आहे? सव्वीस वर्षं या गल्लीत बसला भिंतीचा चुना लागू दिला नाही मी. आणि हा आला, बनियनवर, आणि गावाला शिकवतो की सेरोब पनवती आहे."

मी म्हटलं, "काका, आमच्याकडे हा नियमच आहे."

"आमच्याकडेही नियम आहे," ते म्हणाले, आणि तो कोणता ते न सांगता दार बंद केलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. बाहेरगावच्या सामन्यांना बसमध्ये चढलो की माझ्या सीटवर स्टेपनी ठेवलेली असायची. मी तीन वेळा, एकूण जवळजवळ सगळा आर्मेनिया, उभ्याने पाहिला. मधलं दार सगळ्यांसाठी उघडायचं, माझ्या वेळेला त्याची हवा जायची आणि ते उघडायचंच नाही. तेव्हा तुमचं ते वाक्य आठवलं, मामा. दार कोण उघडून देतं ते बघू.

मला वाईट वाटायला लागलं म्हणून मी औषधाच्या दुकानात गेलो. (गुडघ्याचं मलम आणायला. गुडघ्याला काही झालेलं नाही, पण मलम संपत राहतं.) नाझेलीने मलम दिलं, पैसे घेतले, आणि म्हणाली, "गुडघा बरा होतोय का? दोन महिन्यांत एवढं मलम घोड्यालाही लागत नाही." मी म्हटलं, दुसराही दुखतो. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा मागे का घेतात ते तुला कोणी सांगितलं का?"

तिने सांगितलं ते असं. पूर्वी काका बस सरळ उतरवायचे, तोंड पुढे करून, आणि सामना झाला की मागे मागे वर काढायचे. एका वर्षी लेर्नाकान फार वाईट हरलं. गल्ली लोकांनी भरली होती आणि बस मागे सरकत होती, हळूहळू, जशी सरकावीच लागते, आणि पोरं काचेतून लोकांकडे बघत, पडलेली तोंडं घेऊन, पाठमोरी मागे ओढली जात होती, चोर पकडून नेल्यासारखी. एक पोरगा रडत होता आणि सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. त्या दिवशी काकांनी ठरवलं की अवघड काम आधीच उरकायचं. आत जाताना आपण मागे मागे जाऊ, पण निघताना माझी पोरं तोंड पुढे करून निघतील, जिंकोत नाहीतर हरोत. हा त्यांचा नियम. कॉफीचा पेला नंतर आला, लोकांना बघायला काहीतरी द्यावं म्हणून.

मामा, मी मलम काउंटरवर विसरून आलो.

पुढचा घरचा सामना गेल्या शनिवारचा. चौकात सगळे उतरले. मी उतरलो नाही. स्टेपनी उचलून खाली ठेवली, सीटवर बसलो, पट्टा लावला. आर्ताक दारातून म्हणाला, "साव्का, वेडा झालास का? मॅच आहे!" मी त्याला ओढून आत घेतलं, कारण अपशकुन टाळायला लाकडावर टकटक करावं लागतं, आणि बसमध्ये लाकूड नव्हतं. त्याच्या डोक्यावर तीनदा टकटक केलं आणि सोडून दिलं. मग डोळे मिटले. काकांनी आरशात बराच वेळ पाहिलं असावं, कारण बस हललीच नाही. मग तो आवाज आला. मामा, मी तुमचा चेहरा समोर आणायचा नाही असं ठरवलं होतं, पण तो आलाच, भुवयांसकट. मी मनातल्या मनात तुमची माफी मागत होतो, आणि दरम्यान बस अशी उतरत होती, जशी मामी झोपलेल्या पोराला पलंगावर ठेवते. मधेच डोळे उघडले. दोन्ही बाजूंना भिंती हाताच्या अंतरावर, आणि बस त्यांच्यामधून अशी चालली होती की मला वाटलं भिंतीच बाजूला सरकताहेत. फाटकाशी त्यांनी पेला उचलला. बाहेर फक्त एक मांजर होतं. काकांनी पेला आरशातून मला दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. मग ते प्यायले.

सामना १-१ सुटला. दोन्ही गोल मी केले. पहिला आपल्याच जाळीत, गुडघ्याने (त्याच, मलमाच्या). दुसरा शेवटच्या मिनिटाला, त्यांच्या जाळीत, कशाने ते मला माहीत नाही, मी खाली पडलेलो होतो. गल्लीत अजून वाद चालला आहे. निम्मे म्हणतात, बघा, मागे आला आणि स्वतःवर गोल केला. निम्मे म्हणतात, मागे आला नसता तर दुसरा झालाच नसता. गुर्गेन सरांनी शास्त्रावर हात ठेवून काहीच न बोलायचं ठरवलं आहे. परतताना बस सरळ, तोंड पुढे करून गल्ली चढली. आणि वळणावर सेरोबकाका, इतक्या दिवसांनी, आरशात बघून माझ्याशी बोलले.

"दोन्ही तुझेच?"

"हो, काका."

"पहिला बरा होता. त्यात जोर होता."

मामा, मला इतका आनंद उत्तरेतल्या क्लबात पगार मिळाला त्या दिवशीही झाला नव्हता. (तो एकदाच मिळाला.)

तर असं सगळं छान चाललं आहे. मला कशाचीही गरज नाही. तुम्ही काळजी करू नका, आईलाही सांगा, आणि मामीला सांगा की लोणच्याच्या काकड्या अर्ध्या संघाने खाल्ल्या आणि उरलेल्या अर्ध्या संघाने त्यांचं खारं पाणी प्यायलं.

तुमचा भाचा,
सावेली

ता.क. क्लबने मला आणखी एक वर्ष राहशील का असं विचारलं आहे. मी विचार करतो म्हणालो. विचार करण्यासारखं काही नाही, पण लगेच हो म्हणणं शोभत नाही.

दुसरा ता.क. वर मी दोन ठिकाणी लिहिलं आहे की नाझेलीचा या पत्राशी संबंध नाही. ती दोन्ही वाक्यं शुद्धलेखनाच्या दृष्टीने बरोबर आहेत, पण खरी नाहीत. काल सेरोबकाका बस धूत होते, मी नळी धरली होती. म्हटलं, "काका, एक विचारायचं होतं." ते म्हणाले, "माहीत आहे. त्या दुकानात गुडघ्याचं मलम संपलं म्हणून दुसऱ्या गावाहून मागवावं लागलं." मग म्हणाले, "तिला विचारलंस?" म्हटलं, हो. "काय म्हणाली?" म्हटलं, ती म्हणाली मलम बंद कर. काकांनी मिशी पुसली. "मुलगी मागायला मुलगा एकटा येत नाही. घरचं मोठं माणूस येतं. तुझं कोण आहे?"

बाबांचं तुम्हाला माहीत आहे, मुर्मान्स्कला गेले ते तिकडचेच झाले. म्हटलं, "मामा आहेत. टीमच्या बसचे ड्रायव्हर."

त्यांनी नळ बंद केला. "टीमच्या बसचे? आणि हा नियम त्यांचा?"

"हो. एकतीस वर्षं. खेळाडू आत असताना एकदाही मागे घेतली नाही."

"एकदाही नाही? मग वळवतात कुठे?"

म्हटलं, सामन्याच्या आदल्या दिवशी ते मोटारसायकलने जातात, पावसात, बर्फात, आणि प्रत्येक गावात बस वळेल अशी जागा बघून येतात. सेरोबकाकांनी ओल्या बसवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एकतीस वर्षं, प्रत्येक गावात, आधी जाऊन. हा माणूस मला भेटला पाहिजे. बोलाव त्यांना." आणि मग, नळ पुन्हा सोडत, "पण माझ्या गल्लीतून त्यांना माझ्या बसमध्ये यावं लागेल. पुढच्या सीटवर. मागे मागे. मगच बोलणं."

तिसरा ता.क. म्हणून मामा, ९ जूनला, रविवारी, या. आईला आणि मामीलाही आणा. नियम मी रात्रभर सगळ्या बाजूंनी तपासला आहे आणि तो कुठेही मोडत नाही. खेळाडू आत असताना बस मागे घेऊ नये. तुम्ही खेळाडू नाही. आई नाही. मामी तर नाहीच. हंगाम संपलेला असेल, सामना नसेल, आणि मी स्वतः चौकात उतरून चालत येईन, म्हणजे शंकेलाही जागा नको. पेप्रोनेआजींनी तुमच्यासाठी पातेलं आताच सांगून ठेवलं आहे.

आणि काकांनी शेवटी एक सांगितलं, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ते म्हणाले, आत मी नेईन, मागे मागे, माझ्या पद्धतीने. बाहेर बस तुझ्या मामांनी काढायची, सरळ, तोंड पुढे करून, त्यांच्या पद्धतीने, आणि पोरं दोघं मागे बसतील. आजवर त्या चाकाला सेरोबकाकांशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, मामा. नाझेलीचाही नाही, तिने मागितलं होतं, मिळालं नाही.

निघण्याआधी घरी सगळे मिनिटभर सामानावर बसा. काही विसरलात तर परत फिरू नका, फिरलात तर आरशात बघा. फुलं आणलीत तर विषम संख्येत आणा. कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा बॅटरीवरून काढून कंबरेला बांधा, गल्ली उताराची आहे. उत्तर फोनवर दिलंत तरी चालेल. नुसतं "हं" म्हणालात तरी मी समजेन, फक्त मामीला सांगा की तेव्हा तुमच्या भुवया कशा होत्या ते तिने स्पीकरवर सांगावं.

हिशोब, तुम्ही विचाराल म्हणून. खर्च: मलम (सगळं मिळून) १९,२०० द्राम, बसचं दार उघडून उडी मारल्याबद्दल क्लबचा दंड ५,००० द्राम, पेप्रोनेआजींसाठी पातेलं ११,००० द्राम, मिळून ३५,२०० द्राम, फेडले. येणे: एक जॅकेट, ते सेरोबकाका अजून बस पुसायला वापरतात, सोडून दिलं. देणे: सेरोबकाकांना एक मामा.